समुद्राजवळचं घर: वर्षातले ३२० दिवस कुलपात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या टिळकवाडीतलं एक निवृत्त जोडपं, वय साठीच्या आसपास. दिवाळीनंतर महिनाभर आणि मे महिन्यात नातवंडं आली की पंधरा दिवस राहायला समुद्राजवळ छोटं घर हवं आहे. बजेट ४० लाखांच्या आत. वेंगुर्ल्याजवळ नऊ गुंठ्यांतलं एक जुनं कौलारू घर त्यांना आवडलंय. मागच्या बाजूला १५ वर्षांपूर्वी वाढवलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या आहेत. एजंट गोव्यात पेडण्याकडेही एक घर दाखवतोय, आणि कारवारचे नातेवाईक म्हणतात, "तिकडे कशाला जाता, इथं घ्या, आपलंच राज्य आहे." काय बघावं, कशाला नको म्हणावं?

मी बांधकामातला माणूस. ऑफिस बेळगावात, पण गेली २२ वर्षं माझं निम्मं काम घाटाखाली, सावंतवाडीपासून कारवारपर्यंत. नवी घरं थोडी, जुन्या घरांची तपासणी आणि दुरुस्ती जास्त. आपल्याकडच्या पन्नासएक कुटुंबांची अशी घरं मी आतून-बाहेरून बघितली आहेत. घेतलेली, घेऊन विकलेली आणि कोर्टात अडकलेलीही.

तुमच्या प्रश्नातला एक हिशोब आधी मांडतो. तुम्ही त्या घरात ४५ दिवस राहणार. उरलेले ३२० दिवस ते घर एकटं असणार, आणि त्यात पावसाळ्याचे चारही महिने येतात. म्हणून घर, विहीर, कागद, शेजार, जे काही तपासाल ते "आम्ही इथं कसे राहू" या नजरेनं तपासू नका. "आम्ही नसताना इथं काय होईल" हे विचारत तपासा. घाटाखालच्या घरात पैसे गमावलेली जी माणसं मी बघितली, त्यातल्या बहुतेकांनी हा दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता.

पहिलं काम: व्यवहार जुलैपर्यंत थांबवा आणि घर भर पावसात एकदा बघून या. बेळगावची माणसं घर बघतात डिसेंबरात नाहीतर मे महिन्यात, आंबोलीत चहा घेऊन, सगळं कोरडं आणि प्रसन्न असताना. आपल्याला पाऊस नवा नाही, पण सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो वाऱ्यासकट आडवा येतो. जुलैत गेलात की अंगणात पाणी कुठं तुंबतं, पाणंदीतून गाडी आत जाते की बाहेरच लावून गुडघाभर चिखल तुडवावा लागतो, पश्चिमेच्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल चढते, वीज गेली की किती वेळानं येते, हे सगळं कुणाला न विचारता कळतं. घाटही त्याच वेळी बघून होतो. दरड आली की आंबोलीचा रस्ता बंद पडतो आणि मग तिलारी किंवा चोर्ल्यानं वळसा घालावा लागतो. "तीन तासांत पोचतो" हे वाक्य उन्हाळ्यातलं आहे.

मालक म्हणेल, जुलैपर्यंत दुसरं गिऱ्हाईक येईल. येऊ दे. गोव्यातला मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, सिंधुदुर्गातला चिपीचा २०२१ मध्ये, तेव्हापासून घाई करायला लावणारे फार झाले आहेत. घर जाईल या भीतीनं टोकन देऊ नका.

आता बांधकाम. तुम्हाला कौलारू भागाची काळजी वाटत असेल; मला मागच्या दोन स्लॅबच्या खोल्यांची वाटते. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत आणि वर मंगलोरी कौलं ही रचना त्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि गावातल्या माणसाला दुरुस्त करता येतं. कौल फुटलं, बदललं. वासा कुजला, काढून दुसरा घातला. स्लॅबचं तसं नाही, तो आतून जातो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवरचं घर, स्लॅब १४ वर्षांचा, खालून नुकताच रंग दिलेला, छान पांढरा. बेळगावच्या गिऱ्हाइकानं ठरवलं होतं, मला फक्त "एकदा नजर टाका" म्हणून नेलं होतं. मी खुर्चीवर चढून छोट्या हातोडीनं स्लॅब ठोकत गेलो. चांगलं काँक्रीट ठण्ण वाजतं. खिडकीजवळ आवाज बदलला, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ झाला. तिथंच जरा जोरात ठोकलं तर हाताच्या पंजाएवढी खपली खाली आली. आतली आठ मिलिमीटरची सळई मी बोटांनी धरली तर तिचे तांबडे पापुद्रे निघत गेले आणि शेवटी हातात सुतळीएवढी तार राहिली. मालकालाही हे माहीत नसावं, त्याचा चेहरा उतरला होता. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलतं. रंगानं ते चार-सहा महिने झाकलं जातं, एवढंच.

यामागचं कारण साधं आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून सळईपर्यंत पोचतात. म्हणून आयएस ४५६ या मानकात किनाऱ्याच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट 'तीव्र' गटात धरलंय. तिथं सळईवर ४५ मिलिमीटर आवरण आणि किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट लागतं. लाटांचे शिंतोडे पोचत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम-३५. गावात मिस्त्रीच्या अंदाजावर घातलेल्या स्लॅबला हे आवरण पंधरा-वीस मिलिमीटरच्या वर क्वचित सापडतं. वाळू खाडीतली आणि न धुतलेली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असतं. तुमच्या घरातल्या त्या दोन खोल्यांचा स्लॅब कोपऱ्यान्‌कोपऱ्यात ठोकून घ्या. जिथं नवा रंग किंवा नवं प्लास्टर आहे तिथं आधी. सळईच्या रेषेत सरळ भेगा किंवा तांबूस ओघळ दिसले तर त्या खोल्यांची किंमत शून्य धरा आणि पाडायचा खर्च वर धरून बोला.

कौलारू भागात तीन गोष्टी बघा. वाशांची टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं टोच्यानं टोचून बघा, वाळवी आणि कूज तिथून सुरू होते. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब पडतं की पायथ्याशी, ते बघा. आणि चिऱ्याच्या भिंतीला आत-बाहेर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारलाय का ते बघा. चिरा पाणी पितो आणि सोडतोही. बाहेरून रंगानं कोंडला की ती ओल घराच्या आत येते, आणि बंद घरात गादी, कपाट, फोटोंच्या मागचा पुठ्ठा, सगळ्याला बुरा चढतो.

विहिरीबद्दल एजंट सांगतील, "बारमाही पाणी आहे." असेलही. प्रश्न असा की मे महिन्याच्या अखेरीस ते गोडं राहतं का. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उन्हाळ्यात गोड्याचा थर पातळ होतो आणि मोटर लावून जोरात उपसा केला की खालचं खारं वर येतं. बादलीनं काढणाऱ्या आजीची विहीर ४० वर्षं गोडी होती म्हणून शेजारच्या हॉटेलनं पंप बसवल्यावरही ती तशीच राहील असं नाही. मे महिन्यात, भरतीच्या वेळी, मोटर तासभर चालवून मग पाणी चाखा आणि तेच पाणी बाटलीत भरून बेळगावात तपासायला द्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. पाचशे-सहाशेच्या वर गेलं की चहा बिघडतो, नळ गंजतात, आणि तुम्ही मे महिन्यातच राहणार आहात. शौचखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा. तुमचाच नव्हे, शेजाऱ्याचाही.

आता कागद. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण या बाबतीत बेळगावच्या मराठी माणसाची एक खास चूक होते आणि ती मी पुन्हापुन्हा बघितली आहे. आपल्याकडे आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये, दस्त कन्नडमध्ये, नोटीसही कन्नडमध्ये. त्यामुळे आपण जागा घेताना ते कागद जाणत्या माणसाकडे, वकिलाकडे नेतो आणि ओळीन्‌ओळ समजून घेतो. घाटाखाली गेलं की सातबारा मराठीत समोर येतो. आपल्या भाषेतला सरकारी कागद बघून आपल्याला भरून येतं. वाचता येतो, मालकाचं नाव दिसतं, आणि आपल्याला वाटतं की समजला. वाचता येणं आणि समजणं यांत फार अंतर आहे. सिंधुदुर्गाच्या सातबाऱ्यावर एकेका शब्दामागे शंभर वर्षांचा इतिहास असतो. 'इतर अधिकार' या रकान्यातलं एक कुळाचं नाव सगळा व्यवहार फिरवू शकतं. घर एकाचं, जमीन दुसऱ्याची आणि दारातला आंबा तिसऱ्याचा, अशा नोंदी मी स्वतः बघितल्या आहेत.

सगळ्यात मोठा धोका सामाईक नावांचा. माझ्या सासऱ्यांनी १९९८ मध्ये मालवण तालुक्यात सहा गुंठ्यांत एक घर घेतलं. सातबाऱ्यावर १७ नावं होती, १४ जणांच्या सह्या झाल्या. राहिलेले तिघं मुंबईला, "ते काय करणार आहेत, गणपतीलासुद्धा येत नाहीत" असं सांगितलं गेलं. दहा वर्षं काही झालं नाही. मग त्या तिघांपैकी एकाचा मुलगा गावी आला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ असं सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसानं घेतला तरी त्याला त्या घराच्या सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही. आणि १८९३ च्या वाटणी कायद्यातलं कलम ४ घरच्या भाऊबंदांना तो हिस्सा किंमत देऊन परत घ्यायची वाट ठेवतं. सासरे घरात राहत असते तर कदाचित बोलणं झालं असतं. घर बंद होतं. एका दिवाळीत गेलो तर दाराला दुसरंच कुलूप. शेवटी २०११ मध्ये त्या तिघांच्या हिश्शाचे पैसे त्या वेळच्या चालू भावानं देऊन तडजोड केली, आणि सासूबाई त्या घरात पुन्हा मनापासून कधी रमल्या नाहीत.

म्हणून सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव, मयत असेल तर त्याचे सगळे वारस, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट, खरेदीखतावर हवेत. एकही सही "नंतर घेऊ" नको. नुसता आजचा सातबारा बघू नका. जुने फेरफार काढा, किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. आपल्याकडे ईसी (मालमत्तेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला) काढतो त्या धर्तीवर तिथं इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या नोंदी तपासतात. पण तोंडी वाटणी, कुळाची नोंद, मयताचे वारस हे सगळं इंडेक्समध्ये दिसत नाही, ते फेरफारातच सापडतं.

पुढचा मुद्दा तुमच्या नऊ गुंठ्यांचा. ती जमीन बिनशेती झालेली आहे का, गावठाणात आहे का, की कागदावर अजून शेतजमीनच आहे? कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. ते डोक्यात ठेवून आपली माणसं घाट उतरतात. महाराष्ट्रात कूळकायद्याचं कलम ६३ अजून उभं आहे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खानापूर तालुक्यात तुमच्या नावावर चार एकर असले तरी त्या आरटीसीवर विसंबून टोकन देऊ नका. तुम्हाला तिथं शेतकरी म्हणून धरतील का, हे त्या तालुक्याच्या तहसीलदारांकडून लेखी घ्या, मगच पुढे जा. शिवाय तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान शेतजमिनीचा तुकडा पाडून विकायला मनाई. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरलं, आणि तुमचे नऊ आहेत. या नियमांत सवलती येत असतात, त्यामुळे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घेऊन दुय्यम निबंधकांकडे जा आणि हा दस्त आज नोंदवून घेणार का, एवढंच विचारा. एजंट "सातबाऱ्यावर नाव लागेल हो" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोठ्या सातबाऱ्यात तुमचं नाव सामाईक हिस्सेदार म्हणून लागणार असतं. म्हणजे माझ्या सासऱ्यांचीच गोष्ट पुन्हा.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २', 'देवस्थान इनाम', 'खाजगी वन', 'आकारीपड' यातला एकही शब्द दिसला तर तो कागद स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. आणि घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. ग्रामपंचायत ती राहणाऱ्याच्या नावानं फाडते.

तरीही जुन्या घरपट्टीच्या पावत्या मागून घ्या, कारण त्या दुसऱ्या कामाला येतात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणारा नियम लागतो. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला बंद आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनं चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली. पण २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची घनता १६३ होती, त्यामुळे तिथल्या बहुतेक गावांना २०० मीटरच धरून चाला. खाडीच्या काठालाही असाच पट्टा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. या पट्ट्यातलं जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं किंवा आहे त्याच जोत्यावर पुन्हा बांधता येतं, वाढवता येत नाही. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधी घर उभं होतं हे दाखवायला १९८५-८८ च्या घरपट्टीच्या पावत्या सोन्यासारख्या आहेत. आणि तुमच्या घरामागच्या त्या १५ वर्षांपूर्वीच्या दोन खोल्या? घर २०० मीटरच्या आत असेल तर त्या परवानगी घेऊन बांधल्या होत्या का, हे विचाराच. मी या खोल्यांच्या मागे लागलोय असं वाटेल, पण त्या घरातली कमकुवत जागा मला दोन्ही बाजूंनी तिथंच दिसते.

पेडण्याच्या घराबद्दल. गोव्यात सातबारा नाही. तिथं फॉर्म एक-चौदा, सर्व्हे प्लॅन, झोनिंग दाखला आणि बिनशेतीची सनद. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. आपला गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तिथला मुख्य फरक लग्नाच्या कायद्यात आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. त्यामुळे विकणाऱ्या प्रत्येक भावाबरोबर त्याच्या बायकोची, आणि प्रत्येक बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याची सही लागते. मालक वारले असतील तर इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कायदेशीर प्रक्रिया पुरी झाली आहे का ते बघा. आवारात कोणी मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का, हे कागदावर नव्हे, तिथं जाऊन शेजारी विचारा. त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. २०२३ पासून भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे. आणि "झोन बदलून देतो" असं कुणी म्हटलं तर थांबा, गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९अ या कलमांखालचे बदल कोर्टात गेलेले आहेत. खरं सांगायचं तर ४० लाखांत, समुद्राजवळ, स्वच्छ कागदांचं स्वतंत्र घर आज पेडण्यात मिळत असेल तर मी आधी त्यात काय कमी आहे ते शोधेन.

कारवारचे नातेवाईक अगदीच चुकीचं म्हणत नाहीत. आरटीसी, म्युटेशन (फेरफार), ११-ई मोजणी नकाशा, ईसी हे सगळं तुमच्या ओळखीचं, वकीलही बेळगावातलाच चालेल. माजाळी-सदाशिवगडाकडे मराठी-कोंकणीत सगळं निभतं. अडचण अंतराची. वय वाढेल तसा तो रस्ता लांब होत जातो, आणि पावसाळ्यात मध्येच एक फेरी मारायची झाली तर दिवस मोडतो. नातेवाईक तिथं कायम राहणारे असतील आणि घराकडे खरोखर बघणार असतील, तर मात्र हा पर्याय माझ्या मते पेडण्याच्या पुढे आहे.

याच ओघात आंबोलीचं सांगतो, कारण समुद्राचं जमलं नाही की बेळगावकर तिकडे वळतात. आंबोली, गेळे, चौकूळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांनी पूर्वापार सामाईक धरलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथं स्वस्तात प्लॉट दाखवला तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आता त्या ३२० दिवसांकडे परत येतो. घराची किल्ली कोणाकडे असेल? याचं उत्तर खरेदीच्या आधी मिळायला हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन घरांची कौलं उडाली. एका घराची दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकांनी ताडपत्री टाकून झाकली, नुकसान काही हजारांचं. दुसरं घर आम्ही दसऱ्याला उघडलं. चार महिन्यांचा पाऊस आत पडला होता, माळा खाली आला होता आणि माजघरात हातभर उंचीचं गवत उगवलं होतं. दोन्ही घरांत एका माणसाचा फरक होता.

असा माणूस त्याच वाडीतला हवा. त्याला बँकेतून दरमहा पगार द्या, मग तो हजार-दीड हजार का असेना, आणि कामाचं साधं लेखी पत्र करा. त्याला राहायला जागा देणार असाल तर वकिलाकडून रीतसर करार करून तो नोंदवा. तोंडी काही ठेवू नका. त्याच्याही दृष्टीनं ते बरं. काम एवढंच: मे अखेरीस कौलं फिरवून घेणं, पश्चिमेला झावळ्यांचा किंवा पत्र्याचा आडोसा बांधणं, आणि जून ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी खिडक्या उघडून मागच्या पडवीतली चूल तासभर पेटवणं. चुलीच्या धुरानं वासे टिकतात, कीड लागत नाही. जुनी माणसं चूल कधी थंड पडू देत नसत ते उगाच नव्हे. गॅस आला आणि कौलारू घरांच्या लाकडाचं आयुष्य कमी झालं, हे मी दुरुस्तीच्या कामात दरवर्षी बघतो.

गडग्याकडेही, म्हणजे दगडी कुंपणाकडेही त्यानंच बघायचं. नुसता रचलेला चिऱ्याचा गडगा पावसात ढासळतो आणि पुन्हा रचताना कधी फूटभर सरकतो. दहा पावसाळ्यांत किती सरकेल याचा हिशोब करा. त्यावर उपाय एकच, खरेदीआधी सरकारी मोजणी आणि कोपऱ्यांवर पक्के दगड.

पैशांचं थोडक्यात. ४० लाखांतले ३० घराला धरा. मुद्रांक, वकील, मोजणी आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती यांत बाकीचे सहज जातात. महाराष्ट्रात राहतं घर बाईंच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. त्यापुढे दरसाल घराच्या किमतीच्या दीड-दोन टक्के देखभालीला बाजूला ठेवा, हा माझा अनुभवाचा आकडा. कर्ज घ्यायचं नसलं तरी एखाद्या बँकेच्या पॅनेलवरच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या वकिलाला फी देऊन कागद तपासून घ्या. ज्या घरावर बँक कर्ज देणार नाही, ते उद्या तुमच्या मुलांना विकतानाही अडवेल.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा घेतलंच नसतं. त्याच वाडीत दिवाळीनंतर महिनाभर आणि मे महिन्यात पंधरा दिवस भाड्यानं राहिलो असतो. तेवढ्यात विहीर कळते, शेजार कळतो, डास कळतात, आणि नातवंडं चौथ्या दिवशी "घरी कधी जायचं" म्हणतात का तेही कळतं. नसेल थांबायचं, तर या आठवड्यात एवढं करा: सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मागून घ्या, सातबारा ऑनलाइन काढा, त्यावरची नावं मोजा आणि तो आकडा मालकाला फोनवर विचारा. दोन्ही आकडे जुळले तर मला कळवा, हातोडी घेऊन मी येतो.